पाच हजार एकावा विजय

लॉरेल फोर्क, १६ जून १९७४

चि. अलॉयशियस यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आज जरा हात आखडूनच.

काल, शनिवार १५ जून, दुपारी चार वाजून सदतीस मिनिटांनी तुझ्या क्लबच्या भोंग्याने गावाला सांगितलं, की आपल्या बेसबॉल संघाने, हेरन्सनी, आजवरचा पाच हजारावा सामना जिंकला. टोप्या उडाल्या. मी बसून राहिले. माझ्या वहीत तो पाच हजार एकावा आहे.

बाबांनी सुरू केलेली ही वही मी बेचाळीस वर्षं सामन्यागणिक भरते आहे. जय डावीकडे, पराजय उजवीकडे, आणि पानाखाली बेरीज, शाळेतल्या सिस्टर पर्पेच्युआ अजून छडी घेऊन मागे उभ्या असल्यासारखी. क्लबचा नोंदनीस झालास म्हणून तुझी बेरीज सुधारली असं नाही.

१० जुलै १९२६ काढून बघ. तो सामना नसेल, तर तू बाबांनाच गाळलं आहेस. फोन करू नकोस. फोनवर तू लगेच गुडघेदुखीवर येतोस.

अजून तरी तुझीच,
विनिफ्रेड

२० जून

ती. विनीताईस सा. न.

गुडघे बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी कळवतो.

चूक सापडली. जुन्या वर्षांसाठी मी चेंडू टाकणाऱ्या पिचर लोकांच्या नावावर लागलेले विजय मोजले होते. तू म्हणतेस त्या दिवशी पाहुणा संघ एका धावेने पुढे होता. त्यांचा मॅनेजर अंपायरवर चिडून मैदानात दुसऱ्या बेसच्या चौकोनावरच जाऊन बसला, तो उठेचना. शेवटी अंपायरने सामना आपल्याला बहाल केला. असा विजय संघाला मिळतो, पिचरला नाही. आणि पिचर आपले बाबा. उभ्या आयुष्यात क्लबसाठी एकच सामना, तोही नावावर नाही.

म्हणजे खरा पाच हजारावा विजय गुरुवारचा, १३ तारखेचा. पावसात जेमतेम चाळीस माणसं होती आणि म्हणे एक बाई बाहेर आलेला चेंडू पर्समध्ये टाकून चालती झाली. मालकांना तो काचेच्या कपाटात हवा आहे. २९ तारखेच्या सामन्याआधी सोहळा पुन्हा होईल. चेंडू तूच आण. बाबांचं नाव मात्र नोंदीत घालता येत नाही. नियमच आहे.

राग गेला की माया पाठव.
अलॉयशियस

२२ जून

चि. अलॉयशियस यास या वेळी भरपूर आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले, की शेजारीण डोकावून गेली. पण नियम मला शिकवू नकोस. विजय बाबांच्या नावावर कोण मागतंय? ती हुज्जत चालली होती तेव्हा ते पाऊण तास चेंडू हातात धरून उन्हात उभे होते. चौदा वर्षांची मी कुंपणाला नाक लावून बघत होते. त्या सामन्यापुढे एवढंच लिही: पिचर कॉर्मॅक टिअर्नी, जागेवर उभे.

चेंडू सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकण आहे. उकाडा आहे, पण तुझ्यासाठी खिडकी लावून घेईन. तुझ्या बायकोला, अ‍ॅग्नेसला सांग, पिरोगीच्या उकडलेल्या करंज्या छान झाल्या होत्या.

लेखी होकार गुरुवार, २७ जून, दुपारी बाराच्या आत हवा. नाहीतर शनिवारी मी चेंडूशिवाय येईन आणि दुसऱ्या बेसवर जाऊन बसेन. मग तो सामना डावीकडे लिहायचा की उजवीकडे, ते तू बघ.

तुझीच,
विनीताई