फोन समोर धरला की शुद्ध बोलणाऱ्या आईंना

प्रिय आई,

रागानेच लिहितेय. आपल्या आगरी बोलीचा जो कोश आम्ही चौघं इंटरनेटवर तयार करतोय, त्यातली माझी मिठागराची नोंद आज साइटवर नोंदी तपासणाऱ्यांकडून परत आली. वर शेरा, 'जन्मापासून ही बोली बोलणाऱ्या माणसाचा आवाज जोडा.' तुम्ही गेल्यावर आता तो कुठून आणू?

आम्ही चौघंही ही बोली मागाहून शिकलेलो. मी तर साताऱ्याची. सून होऊन आले तेव्हा तुमचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं. चुकतमाकत शिकले आणि आता कोश लिहायला मीच! ज्यांची ती घरची आहे, त्यांना वेळ नाही. तुमचा लेक म्हणतो, "कशाला टेन्शन घेतेस? कोण वाचणार आहे ते?" चीड येते हो!

पण खरा राग तुमच्यावर आहे. आपल्या बोनकोडे गावच्या गल्लीत दिवसभर शेजारणींशी तुमच्या तोंडाचा पट्टा चालू. आणि मी फोन समोर धरला की लगेच पदर सावरून, "नमस्कार. माझे बालपण उरणच्या मिठागरात गेले." अगदी बातम्या देणाऱ्या बाईसारखं! "आई, तुमच्या भाषेत सांगा ना," म्हटलं, तर तेही शुद्धच, "नको. लोक ऐकतील. हसतील."

कोण हसलं होतं हो तुम्हाला एवढं, की शेवटपर्यंत धास्ती गेली नाही?

मघाशी सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. सगळी शुद्ध, म्हणून सगळी वाया. फक्त एकदा मी फोन बंद करायला विसरले होते. मिठागराचं सांगून झालं, तुम्ही सुस्कारा टाकलात आणि माझ्यावर खेकसलात, "झाला ना तुजा? ठेव तो फोन न जेवाला बस. कालवनान मीठ कमी परलाय, वरशी घे."

मी हसले आणि मग खूप रडले.

मिठागराची नोंद अडली ती अडलीच. पण 'मीठ' या शब्दापुढे आता तुमचा आवाज आहे. तुम्हाला न विचारता लावलाय. रागावलात तरी काढणार नाही.

लोक ऐकतील, आई. आणि कुणी हसलंच, तर तुमच्याच बोलीत त्याच्याशी भांडेन. चुकले तरी भांडेन. हा माझा शब्द.

तुमची सून,
वैशाली