जुनी टेप ताणली आहे

४ ऑगस्ट
शाळेत शिक्षकांसाठी व्याख्यान. विषय : खाण्याचे विकार, ते ओळखायचे कसे. समुपदेशक बाई नव्या आहेत, माझ्या निम्म्या वयाच्या, पण इंग्रजी उच्चार स्वच्छ. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर खूश झाल्या असत्या. हा आजार कुठल्याही वयात होतो, असं काहीतरी शेवटी म्हणाल्या. तेवढं लिहून घेतलं नाही, पेन थांबलं होतं. बाकीची लक्षणं पाठ आहेत. जेवणाची टाळाटाळ. ताटात नुसती चिवडाचिवड. दुसऱ्यांसाठी खपून स्वयंपाक करणं. सारखी थंडी वाजणं. ढगळ कपडे.
घरी येईपर्यंत खात्री पटली. आपली चिमणी! बहिणीची मुलगी, कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. कायम ढगळ शर्टात. उद्यापासून लक्ष ठेवायचं. पोरीला काही झालं तर बहिणीला काय तोंड दाखवू?

५ ऑगस्ट
निरीक्षण सुरू. चिमणीने सकाळी अंडी, टोस्ट आणि मग माझाही टोस्ट खाल्ला. अधाशीपणा हेही लक्षणच. मी नुसता चहा घेतला. लक्ष ठेवणाऱ्याने तोंड चालवत बसू नये.

८ ऑगस्ट
चिमणीसाठी केक केला. मावशी, तू नाही घेत? असं विचारत होती. करतानाच वासाने पोट भरलं, म्हटलं. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. हे कुठल्या लक्षणात बसतं, बाईंना विचारायला हवं.
हॉस्टेलच्या सिस्टर आठवल्या. ताटात दोन घास ठेवून उठते ती लेडी, म्हणायच्या. आमची त्यात चढाओढ लागे. मी नेहमी पहिली. शेजारच्या कॉटवरची गुबगुबीत मैत्रीण उशीखाली पाव लपवायची. परवा तिचा फोटो आला. नातवंडांच्या घोळक्यात बसून तोंडभर हसते आहे. बिचारी.

१३ ऑगस्ट
राखाडी स्कर्ट घसरतो. कमरेत पुन्हा आत घेतला. माप घेतलं तर भलतंच कमी. कारण लगेच लक्षात आलं : कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि कमी दाखवते. शिवण शिकवण्यात जन्म गेला, मला हे कोण सांगणार! नवी आणायची.
शाळेतल्या शिपाईमावशी म्हणाल्या, बाई, किती उतरलात. दिवसभर छान वाटलं. म्हणजे, काही वाटलंच नाही. तेच छान.

१९ ऑगस्ट
नवी टेप आणली. ती तर आणखी कमी दाखवते. हल्लीचा माल.

२२ ऑगस्ट
आठवीची प्रात्यक्षिक परीक्षा. कमरेचं माप घेणं. मॉडेल म्हणून मीच उभी राहिले. स्वेटर काढावा लागला. पंखे आधीच बंद करायला लावले होते, मुली मात्र घामाघूम. प्रत्येकीने आपापली टेप लावली. सगळ्यांचं उत्तर एकच, आणि तेही चूक. उघड उघड कॉपी. अख्ख्या वर्गाला नापास केलं. एक म्हणाली, बाई, परत घेऊ का? परत घेतलं, परत तेच. मग कुणीच काही बोललं नाही. इतकी शिस्त या वर्गात कधी पाहिली नव्हती.

२६ ऑगस्ट
शाळेच्या जिन्यात चक्कर आली. ऊन फार होतं. (स्वेटर घातला होता.) चिमणी कॉलेज बुडवून घरी आली, सूप करून समोर बसली. मी वाटीत चमचा फिरवत तिला वेळेवर जेवण्याचं महत्त्व पटवून दिलं. सूप गार झालं. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. जेवणानंतर बाथरूम! पक्कं लक्षण. दाराला कान लावला. रडत होती.
आता उशीर नको. उद्याच समुपदेशक बाईंना भेटायचं.

२७ ऑगस्ट
बाईंच्या खोलीत गेले तर चिमणी आधीच तिथे. बरं वाटलं, पोरगी आपण होऊन आली. मी सगळं सविस्तर सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, आता हीच लक्षणं सांगा, पण चिमणीला बाजूला ठेवून, घरात दुसऱ्या कुणात दिसतात का ते. मी म्हटलं, घरात दुसरं आहे कोण?
बाईंनी चिमणीकडे पाहिलं.
मग चिमणी म्हणाली, "मावशी, मी आईला फोन केलाय. परवा डॉक्टरांकडे जायचंय. मी तुझ्याबरोबर येणार आहे, आणि तू नाही म्हणायचं नाहीस."
बाईंनी बिस्किटं पुढे केली. मी एक मोडलं, अर्धं खाल्लं, अर्धं बशीत ठेवलं. दोघी त्या अर्ध्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी
चिमणीला उभं करून नवी टेप तिच्या कमरेला लावली. मग शिवणपेटीतून जुनी काढून तीही लावली. आकडा तोच. तिच्या जीन्सवर छापलेलाही तोच.
आठवीच्या मुलींना पास करायला हवं.