कोमट

८ जानेवारी
एकदाचे पोचलो! धाकट्या बहिणीच्या हट्टापायी निघाले खरी, पण कबूल करते, मजा आली. दिवसभर बस काळ्या कड्यांच्या कडेकडेने उत्तरेकडे चढत होती. खाली गोठलेली नदी, वर नुसते सुळके, झाड म्हणून औषधाला नाही. धाकटीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, प्रत्येक वळणावर ‘वा!’ म्हणत होते. घरचा नळ गळला तरी या गृहस्थांना ‘वा!’च वाटेल.
उतरायची जागा लाकडी, स्वच्छ. खोलीत लोखंडी शेगडी, जाड रजया, वाळत घातलेल्या मोज्यांचा वास. मालकीणबाई गोलमटोल, सदा हसतमुख. दर वाक्याला ‘आरामात, आरामात’. या बाईला कुणी कधी घाई कशी केली नाही कोण जाणे. मागच्या अंगणात दगडांनी बांधलेलं गरम पाण्याचं कुंड आहे. त्याच्यासाठीच म्हणे लोक इतक्या लांब येतात.

९ जानेवारी
सकाळी कड्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. भावोजी नव्या कोऱ्या बुटांसकट दोनदा आपटले आणि दोन्ही वेळा हसले. दृश्य मात्र अप्रतिम. निसर्गाबद्दल माझी तक्रार नसते. तो बोलत नाही.
परतल्यावर दोघं कुंडात उतरली. मी नाही. परक्यांच्या अंगचं पाणी अंगाला लावून घ्यायची मला हौस नाही. आत आधीच एक टकले गृहस्थ हनुवटीपर्यंत बुडून बसले होते. त्यांच्याभोवती सारखे बुडबुडे येतात म्हणून धाकटीने त्यांचं नाव ठेवलं बुडबुडेकाका. बुडबुड्यांचं कारण मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ताई, तू फारच घाणेरडी आहेस.

१० जानेवारी
बुडबुडेकाका गुडघेदुखीसाठी आले होते, असं मालकीणबाई म्हणाली. कधी, ते काही सांगेना. आता त्यांना अजिबात दुखत नाही म्हणे. आम्ही नाश्ता केला तेव्हा ते पाण्यात, जेवलो तेव्हाही पाण्यातच. माणूस आहे की म्हैस?
भावोजी दुपारी शेगडीला चिकटून कुडकुडत होते. पाण्याबाहेर आलं की हाडं गोठतात, म्हणाले. मी म्हटलं, स्वेटर नावाची एक वस्तू असते. ते पुन्हा कुंडात गेले. पुरुषांना सर्दी झाली तरी साऱ्या घराला सुतक.

११ जानेवारी
रात्रभर बर्फ पडलं. बस बंद. भावोजी बाहेर यायचं नाव काढत नाहीत. मालकीणबाई ताट कुंडाच्या काठावर ठेवते आणि तसंच भरलेलं परत नेते.
धाकटीही आता दोन रजयांखाली थरथरते. मघाशी तिने तापलेल्या शेगडीवर दोन्ही तळवे टेकवले आणि तसेच ठेवले. मीच ओढून काढले. तळवे लालभडक. ती म्हणाली, अजून गारच लागतंय गं.
मी वाट्टेल ते बोलले तिला. एरवी उलटून भांडली असती. आज नुसती हसली, त्या मालकिणीसारखी.

१२ जानेवारी
कुंडाशी गेले. एक बोट बुडवून पाहिलं, पाणी कोमट. बुडबुडेकाकांचा खांदा जरा वर आला होता. पांढरट, सुजलेला, शिजलेल्या मांसासारखा. तोंडावर तेच बावळट समाधान.
मालकीणबाई जाळीने पाण्यावरून काहीतरी काढत होती. दुधावरची साय काढावी तसं. काय आहे विचारलं, तर म्हणाली, पालापाचोळा.
इथे कुठे आलाय पाला?

१३ जानेवारी
उजाडलं तेव्हा धाकटी अंथरुणात नव्हती.
कुंडात होती, भावोजींना टेकून. मी ओरडले, शिव्या घातल्या. कुणी हललं नाही. मग भावोजींचं मनगट धरून ओढलं—
कातडी हातात आली. हातमोजा निघावा तशी. उकडलेल्या बटाट्याचं साल—
आणि ते गृहस्थ म्हणाले, वा!
मूर्ख. मूर्ख माणूस.
धाकटीच्या दोन्ही काखांत हात घालून तिला धरलं. माझे हात खांद्यापर्यंत पाण्यात. ओढली. काखेत बोटं रुतली. आत, मऊ— रुततच गेली.
मी सोडलं तिला. मी तिची थोरली बहीण, आणि मी सोडलं.

१४ जानेवारी
हात गार आहेत. फक्त हात, खांद्यापर्यंत. शेगडीचा उपयोग नाही.
मालकिणीला खुनी म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. ‘आरामात, ताई.’ थोबाडीत मारायची होती. हात उचललाच गेला नाही.
रस्त्याने चालत निघाले. पहिल्या वळणापर्यंत मांडीइतकं बर्फ. हातातली थंडी आता छातीत— परत आले. भ्याड नाही मी. परत यावंच लागलं.
त्या पाण्याला शिवायचं नाही. नाही म्हणजे नाही.

१५ जानेवारी
नुसते पाय सोडलेत. काठावर बसून.
किती बरं वाटतंय.
मालकीणबाईने पाठीमागे उशी ठेवली. किती करते बिचारी सगळ्यांचं. मी उगाच वाईटसाईट लिहिलं. भावोजी तर देवमाणूस. बुडबुडेकाका— काय म्हणून हे नाव ठेवलं— भले गृहस्थ, जरा सरकून जागा केली त्यांनी.
धाकटी म्हणतेय, ताई, ये ना. रागावली नाही. अजिबात नाही.
जाते. एवढं वाक्य पुरं करून. हात बुडवले मघाशी, आता पेन धरलं की बोटांचं साल—