यिंग सांगते ते

३ सप्टेंबर

यिंग खोटं बोलते. आज माझ्या कानांनी ऐकलं.

मी इंग्रजी शिकवते त्या इथल्या गावशाळेत पालकसभा होती. मी इंग्रजीत बोलायचं, दुभाषी यिंगने ते पालकांना चिनीत सांगायचं – तीन वर्षं हेच चाललंय. शिन्यीच्या आजीला मी म्हटलं, पोरगी परीक्षेत शेजारणीचं बघून लिहिते, घरी समज द्या. यिंगने आजीला काय सांगितलं? पोरगी हुशार आहे, फक्त दमते, लवकर झोपवत जा! आजीने माझे दोन्ही हात धरले. मी हसले. काय करणार?

यंदा सुट्टीत पुण्याला गेले नाही. दुपारभर घरमालकीण हू मावशींबरोबर मालिका बघत बसायचे, तेव्हा भाषा कानात बसली. यिंगला वाटतं मला अजून भाजीबाजारापुरतंच येतं.

वाटू दे.

५ सप्टेंबर

मुद्दाम पाहिलं. आचाऱ्याला सांग म्हटलं, माझ्या शेवयांत मिरची कमी घाल. तंतोतंत सांगितलं. म्हणजे तिला नीट सांगता येत नाही असं नाही!

११ सप्टेंबर

मुख्याध्यापक फान सर आज तिच्याशी बराच वेळ बोलले. भरभर, गावच्या बोलीत. माझं नाव आलं, 'पालक' हा शब्द आला, बाकी निसटलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर म्हणतात, तुमचं काम छान चाललंय, ताई."

एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंसंच?

१८ सप्टेंबर

शरद पौर्णिमेच्या सणाचे गोड केक घेऊन यिंग घरी आली. कमळबियांचं सारण, मला आवडतं तेच. गेल्या वर्षी मला किती बरं वाटलं होतं. आज मात्र ती खोलीत कुठे कुठे बघते, यावरच माझं लक्ष.

ती गेल्यावर हू मावशी म्हणाल्या, "दोन तोंडांमध्ये बसणाऱ्याचं तिसरं तोंड असतं, पोरी. जपून." केक त्यांनीच संपवले.

२६ सप्टेंबर

फान सरांच्या खोलीचं दार बंद. आत यिंग. बाहेर आली ती मला बघून दचकली. विचारलं, काय झालं? म्हणे, वेळापत्रक.

तिचं इंग्रजी उत्तम आहे. माझ्या जागेवर डोळा असणार. दुसरं काय?

१४ ऑक्टोबर

आज बोलून टाकलं. पालकसभेत सगळ्यांसमोर, फान सरांसमोर, चिनीत.

म्हटलं, यिंग माझं बोलणं बदलून सांगते, यापुढे मीच बोलेन. मग शिन्यीच्या आजीकडे वळले आणि त्या दिवशी खरं काय म्हटलं होतं ते सांगितलं. आजी खाली बसली. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले – म्हणजे आमच्या पोरांबद्दलही ही परदेशी बाई काय काय म्हणाली असेल?

फान सरांनी चहाच्या पेल्यावर झाकण ठेवलं. यिंगने वही मिटली.

माझे उच्चार बरे होते.

१५ ऑक्टोबर

यिंग दाराशी आली. आत ये म्हटलं, आली नाही. पहिल्यांदाच माझ्याशी चिनीत बोलली.

"आता तुम्हाला कळतंच, ताई, तर ऐका. सर कधीपासून म्हणतायत, ही सावळी बाई कशाला ठेवायची, पालकांना गोरा मास्तर हवा. मी त्यांना सांगायचे, पालक हिच्यावर खूश आहेत. आणि ते खूश राहावेत म्हणून –"

थांबली. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं, तर रोज वर्गात तशा हसत उभ्या राहिला असतात?"

गेली. रचून सांगायला एक रात्र मिळालीच होती की तिला. मी नाही विश्वास ठेवणार.

२० ऑक्टोबर

यिंगला ग्रंथालयात टाकलं. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही.

शिन्यी वर्गात नाही. आजीने तिला आईबापांकडे पाठवलं, दूर दक्षिणेला, ते कारखान्यात असतात तिथे.

७ नोव्हेंबर

सरकारी कागदांना दुभाषी लागतोच, म्हणून नवी मुलगी आलीय, लियाओ. फान सर आज सावकाश, शुद्ध चिनीत बोलले. मला सगळं कळत होतं. तरी मी तिच्याकडे बघत बसले.

ती म्हणाली, "सर म्हणतात, पालकांना गोरा माणूस हवाय. पुढच्या सत्रापासून तुम्ही येऊ नका."

शब्दाचाही फरक नव्हता.