मुक्या कामाचं 'हव'

३ जून
टपरीवाल्यानं कप आणखी लहान केला. आता तो चहा देत नाही, चहाचा नमुना देतो. वाशीमवर मोठा प्रसंग. प्रल्हाद असता तर भांडला असता. पण हा माझा भागीदार उन्हाळ्यातच गेला, झोपेत. आता भांडणही मलाच.

४ जून
कामरगावचा बियाणेवाला फोनवर : "साहेब, बिल छापूनच नाही राह्यलं. अन् तुमचं मशीन म्हन्ते, हव."
प्रल्हादनं दुकानांच्या बिलांसाठी लिहिलेलं कोड उघडलं. प्रत्येक काम एका क्लासच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या मुकादमाच्या, हवाली. क्लास ते करवून घेतो, चूक झाली तर पकडतो. साठा विचारला की आकडा परत येतो. बिल छापणं मुकं, परत काही येत नाही. पठ्ठ्यानं दोन्हींसाठी दोन वेगळे क्लास लिहायचा कंटाळा केला. मुक्या कामाच्या तोंडी स्वतःच उत्तर कोंबलं : "हव", म्हणजे हो, झालं. चूक गिळायची, वर हव.
त्याचं सगळीकडे हेच. गोळ्या घेतल्या? हव. बरं वाटतं? हव.

५ जून
चाचणी. पडदाभर हव, हव, हव. वाचताना आवाज त्याचाच. त्याच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. उगाच.

७ जून
जवळच्या मालेगावहून फोनवर वहिनी, प्रल्हादची बायको : "भाऊजी, आखरीच्या दिवशी ते तुमच्याच संग होते. माह्यासाठी काही बोलले का?"
"हव."
निघून गेलं तोंडातून.
"काय बोलले?"
"भेटलो की सांगतो."
आता सांगू काय. आयुष्यभर लोकांच्या थापांची टिंगल केली, आणि...

९ जून
क्लास वेगळे केले. एक उत्तर आणणारा, एक मुका. मुक्यानं काम झालं की गप्प राहायचं, बिघडलं की बोंबलायचं. हव काढलं. बिलं निघाली. पडदा कोरा. खोलीत बसवेना.

१० जून, मालेगाव
बसमध्ये प्रल्हादच्या तोंडचं एक वाक्य रचलं. सुरेख होतं. तेच वाईट.
"वहिनी, मी उगाच हव म्हणालो. तो काहीच बोलला नाही. प्रिंटरची वायर शोधत होता."
"माह्यं नाव बी नाही?"
"नाही."
त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग, "वायर सापडली काय?"
"सापडली."
आत गेल्या. हे ओसरीवर लिहितोय. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज. त्यात माझं जेवण धरलंय की नाही, ठाऊक नाही.