हाफटाइममधलं भाषण

फिंतास, कुवेत
रविवार, संध्याकाळ

प्रिय शरद,

समुद्रकाठच्या मित्राचा गोदाकाठी नमस्कार पोचो. आमच्या घरातल्या तिघांपैकी दोघं इथे धडधाकट आहोत. तिसरी, म्हणजे जुईली, ओहायोत धडधाकट आहे असं तिच्या आईकडून समजतं. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? द्वारकावहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? (त्यांना म्हणावं, आठ दिवस शरदकडे बघायचं नाही, डोळ्यांना ताण पडतो.)

'तिच्या आईकडून समजतं' हे वाचून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. खाली घे, सांगतो. केमिकल इंजिनिअरिंग शिकायला पाठवलेल्या मुलीने ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या बँडमध्ये नाव घातलं. छातीवर पिंपाएवढा ड्रम बांधायचा, डोक्यावर तुरा लावायचा आणि फुटबॉलच्या सामन्यात हाफटाइमला मैदानभर कवायत करत तो बडवायचा! (त्यांचं फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा चेंडू काखेत मारून पळणं. पायांचा संबंध बहुतेक पळण्यापुरताच.) मी फोनवर माझं म्हणणं मांडलं. ज्ञानसाधना, आईबापांचे कष्ट, रिफायनरीत घातलेली माझी उमेदीची वर्षं, एकही मुद्दा सोडला नाही. तिकडून उत्तर आलं, "बाबा, आर यू डन?" तेव्हापासून अबोला. शेवटी तिच्या आईनेच, योगिनीने, तह घडवला. या शनिवारी त्यांच्या घरच्या मैदानावर सामना होता. बाबांनी तिचं वाजवणं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी थेट बघायचं, आणि मग 'सोड' म्हणाले तर ती निमूट सोडेल. पोरगी शब्दाची पक्की आहे. म्हणजे निकाल माझ्या हातात आणि पुरावा टीव्हीवर.

पण टीव्हीवर तो यायचा कसा? गेल्या महाराष्ट्र दिनाला मी इथल्या मंडळात केबल आणि डिशविरुद्ध बोललो होतो. (व्हिडिओ पाठवला होता. तू नुसता अंगठा दाखवलास, म्हणजे पाहिला नाहीस.) 'चारशे वाहिन्यांची गुलामी' हे माझे शब्द लोक अजून काढतात. बोलून गप्प बसणाऱ्यांतला मी नव्हे. दुसऱ्याच दिवशी गच्चीवर जाऊन स्वतःची डिश स्वतः उतरवली. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, आता तिच्यात कबुतरांना पाणी ठेवतो. तेव्हा उरलं स्ट्रीमिंग. पहिल्या ॲपने 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' म्हणून तोंडावर दार लावलं. दुसऱ्यावर अमेरिकी कॉलेजांचे सामने होते, पण थोरामोठ्या कॉलेजांचेच. आमच्या पोरीचं विद्यापीठ त्यांच्या खिजगणतीत नाही. (सामाजिक विषमतेवर मी आयुष्यभर बोलत आलो, ती अशी दिवाणखान्यात शिरेल असं वाटलं नव्हतं.) खालच्या मजल्यावरचा सर्फराज म्हणाला, "भाईसाब, फ्री का लिंक है मेरे पास, ले लो ना." मी त्याला जिन्यातच चोरी आणि चारित्र्य या विषयावर चार शब्द ऐकवले. त्याच्या हातातली बिर्याणी गार झाली. अखेर शनिवारी दुपारी तिसरं ॲप सापडलं. त्यातलं सगळ्यात स्वस्त पॅक घेतलं: फक्त थेट दिसणार, मागे नेता येणार नाही, पुन्हा दिसणार नाही. म्हटलं, पुन्हा कशाला बघायचंय? न्यायाला एकदा पुरे.

सामना इथल्या वेळेने संध्याकाळी सातला. योगिनीने मंडळातली पंधरा माणसं बोलावली होती. त्यांत शत्रुघ्न. हा संगमेश्वरकडचा, एसीचं काम करतो, इथून जवळच मंगाफला पाचसहा जणांत मिळून खोलीत राहतो आणि मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवतो. जुईली लहान असताना तिच्या हातात पहिलं टिपरू यानेच दिलं. म्हणजे या खटल्यातला मूळ आरोपी हाच. सगळे बसले, आणि पाचच मिनिटांत चित्र अडकलं. खेळाडू हवेत, चेंडू हवेत आणि मधोमध ते गरगर फिरणारं चक्र. पंधरा माणसांचे पंधरा मोबाइल, सगळे माझ्या वायफायवर! मी पोळ्यांचा डबा आणला, प्रत्येकाला मोबाइल बंद करून त्यात टाकायला लावला आणि झाकणावर खलबत्ता ठेवला. चित्र हललं.

मग जी वाट बघणं सुरू झालं, ती शत्रूवर येऊ नये. शरद, हाफटाइमच्या आधी पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव असतात, पण अमेरिकेतली पंधरा मिनिटं पंधरा मिनिटांची नसतात. घड्याळ चालतं, थांबतं, माणसं घोळका करून कुजबुजतात, चार पावलं पळून एकमेकांवर पडतात आणि पुन्हा घड्याळ थांबतं. योगिनीने ओढणी बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं. बटाटेवड्यांना कुणी हात लावेना. चक्र अधूनमधून डोकावून जायचं आणि सगळ्यांचा श्वास अडकायचा. आमच्या खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते. तिथे दाब वाढला तरी मी इतका घाबरत नाही.

हाफटाइम झाला. मैदानाच्या टोकाला तुऱ्यांची एक लांबच लांब रांग दिसली, योगिनी अर्धी उठली, आणि जाहिरात लागली. ट्रकची. ट्रक गेला, तर कोटटायवाले तिघं टेबलाशी बसून बोलायला लागले. मग पुन्हा ट्रक. योगिनीच्या तोंडाकडे बघवेना. माझं टाळकं फिरलं. मी टीव्हीपुढे जाऊन उभा राहिलो, श्रोत्यांकडे तोंड केलं (वक्त्याने दुसरीकडे कुठे करायचं?) आणि सुरुवात केली. ही कुठली संस्कृती? भल्या सकाळी उठून, पावलाला पाऊल आणि ठोक्याला ठोका जुळवून पोरं एक गोष्ट उभी करतात, आणि ती झाकून तुम्ही ट्रक दाखवता? शंभर माणसं एका तालावर चालवून दाखवा आधी! इथे मंडळाच्या कार्यकारिणीत नऊ जण आहेत, ते एका तालावर चालत नाहीत!

"साहेब, बसा!" शत्रुघ्न ओरडला. "अहो, बसा ना!" योगिनी. आता तूच सांग, 'बसा' ऐकून मी कधी बसलोय? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांपासून प्रत्येक सभागृहाने मला बसा म्हटलंय, आणि त्याने माझा आवाज चढतो. (कॉलेजात तू मागून सदरा ओढायचास, तेव्हाच काय तो बसायचो.) मी आवाज चढवला. आणि काय सांगू, माणसं खुर्च्यांतून उठली! टाळ्या, शिट्ट्या! शत्रुघ्न वड्यांचं ताट बडवायला लागला, योगिनी ढसाढसा रडत होती. असा प्रतिसाद मला जन्मात मिळालेला नाही. मी हात जोडून, मान लववून तो स्वीकारला आणि सावकाश वळलो. पडद्यावर ट्रक होता.

मधल्या वेळात त्यांनी बँड दाखवला होता, शरद. सगळ्यांनी माझ्या दोन्ही बाजूंनी माना काढून बघितला. जुईली पहिल्या रांगेत होती म्हणे. कॅमेरा तिच्यापाशी थांबला आणि ती हसली. पंधरा माणसांनी बघितली. खाली सर्फराजने फुकटच्या लिंकवर बघितली. एकाने तरी मोबाइलवर टिपली असती, पण मोबाइल खलबत्त्याखाली.

तिचा मेसेज आलाय: 'सो? सोडू का?' मी आजवर पुरावा न बघता शेकडो विषयांवर ठाम मतं दिली. हा एक निकाल काही तोंडातून निघत नाही. फोन समोर ठेवून हे पत्र लिहितोय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जयदीप

ता. क. फोन केला. तयारी पुष्कळ केली होती, पण "मी बघितलं नाही" एवढंच बोललो. ती म्हणाली, "आय नो. आई टोल्ड मी. पण तुम्ही बोलत काय होता, बाबा?" मी ते सगळं तिला ऐकवलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आणि "ओके. देन आय ॲम नॉट क्विटिंग." खटला मीच लढलो आणि मीच हरलो. दोघंही हसत होतो.

आणखी ता. क. आता खरं काम. येत्या शनिवारी पुन्हा सामना आहे. सर्फराज लिंक घेऊन वर येणार आहे (चारित्र्याचा विषय या वेळी घेणार नाही). हाफटाइमला, म्हणजे आमच्या साडेआठला, तुमचे अकरा वाजलेले असतील. तेवढा जागा राहा, फोन कर आणि "जयद्या, बस खाली" एवढंच म्हण. इथे सदरा ओढायची कुणाची छाती नाही.

शेवटचं. फोन लँडलाइनवर कर. मोबाइल डब्यात असतील.