बिनपगारी रविवार

ती. आत्याला वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून अर्धाच वाकलोय. उरलेला अर्धा भेटीत पुरा करीन.) डोळ्यांत थेंब घालतेस ना वेळेवर, की बाटली कपाटात आणि डॉक्टरांना थाप, असं चाललंय? वहिनीचा घसा, धाकटीची परीक्षा, तुमच्या जिन्यातला तो कायम जाणारा दिवा, सगळ्यांची खुशाली कळव. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

हे पत्र तुला इस्त्रीच्या कपड्यांत, दादाच्या निळ्या शर्टाखाली सापडेल. भाचा पोस्टमन आणि पत्र इस्त्रीवाल्याच्या हाती, हे काय नवीन, असं तू म्हणशील. तर पोस्टात टाकलेलं पत्र तुझ्यापर्यंत कधी पोचेल हे मी पोस्टमन असूनही सांगू शकत नाही, खरं म्हणजे पोस्टमन आहे म्हणूनच सांगू शकत नाही. शिवाय ते दादाच्या डोळ्यांखालून जाणार, आणि माझं अक्षर तो लांबून ओळखतो. मी स्वतः यावं, तर सध्या साहेबाच्या घरी जाताना कुणी पाहिलं तर आमच्यातलं एकही माणूस माझ्याशी बोलणार नाही. (तसंही कुणी बोलत नाहीये. ते पुढे येईलच.) तुझा मुलगा, हाच दादा, आमच्या कार्यालयाचा साहेब झाला तेव्हा तू गल्लीभर सांगत फिरलीस. त्याच्या हाताखाली मी टपाल वाटतो, हे मात्र अजून हळू आवाजात सांगतेस, तेही माझ्या कानावर आलंय.

पगाराचं भांडण तुला ठाऊक आहेच. वरचे म्हणतात बघू, आमची युनियन म्हणते कधी, आणि यात दोन महिने गेले. मग युनियननं ठरवलं की संप नको, पण ज्या वेळेचा पगार नाही त्या वेळेत काम नाही. ऐकायला किती सरळ वाटतं. पण आत्या, आमचं सगळं कार्यालय त्या बिनपगारी वेळेवरच उभं होतं. सकाळी घंटेच्या आधी येऊन आपापल्या बीटची (म्हणजे वाटपाच्या भागाची) पत्रं लावून घ्यायची, जेवणाच्या सुट्टीत चालता चालता चार घास कोंबायचे, सुटल्यावरही पिशवी रिकामी होईपर्यंत दारोदार फिरायचं, आणि रविवारीही कुणी ना कुणी येऊन उरलेलं टपाल लावायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की ते फुकट आहे हेच आम्ही विसरलो होतो. वरच्यांच्या तक्त्यात तर माणसं पुरून उरतात. पुरणारच की, अर्धं काम तक्त्याबाहेर होतंय म्हटल्यावर.

पहिल्या दिवशी झालं काय, की सवयीनं सगळेच लवकर आलो. आत जायचं नाही म्हणून फाटकाबाहेर उभे राहिलो. आत दादा (म्हणजे साहेब) खिडकीत उभा, मागे पोत्यांचा ढीग, आणि बाहेर आम्ही सगळे हात खिशात घालून. कुणाला काय करावं सुचेना. आमचा युनियनचा पुढारी (त्याला सगळे भोंगा म्हणतात, आवाज ऐकशील तर कळेल) घोषणा द्यायला तोंड उघडून उभा होता, पण समोर दादा एकटाच, आणि तोही हात हलवून विचारत होता की चहा पाठवू का. भोंग्यानं तोंड मिटलं. चहा नाकारायचा असं ठरलं, आणि घंटा होईपर्यंत चहाशिवाय दुसरं काही कुणाच्या डोक्यात नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीचे हाल तर विचारूच नकोस. सुट्टी बसून घ्यायची असा युनियनचा आदेश. मी शिंप्याच्या पायरीवर बसलो. पोस्टमन बसलेला या रस्त्यानं कधी पाहिलाच नव्हता. एकीनं पाणी आणून दिलं, एकानं नाडी पाहिली, शिंप्यानं पंखा माझ्याकडे वळवला. तेवढ्यात समोरच्या घरातली बाई आली, माझं काही आलंय का. आलं होतं, पिशवीत वरच दिसत होतं. पण मी सुट्टीवर. तसं सांगितलं. ती चांगल्या स्वभावाची, बरं म्हणाली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसून राहिली, मी चावतो कसा ते बघत. तो डबा माझ्या घशाखाली कसा उतरला ते माझं मला माहीत. संपल्यावर हात धुऊन पत्र दिलं तर ते विजेचं बिल निघालं. त्यानंतर ती आजतागायत माझ्याशी धड बोललेली नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण पोती साचत चालली. वरून दादाला रोज फोन, आणि फोन ठेवल्यावर तो आमच्यावर ओरडायचाही नाही, नुसता पोत्यांकडे बघायचा. आणि मग गेल्या सोमवारी घंटा झाल्यावर आत गेलो, तर ढीग जवळजवळ अर्ध्यावर आलेला. प्रत्येकाच्या खणात पत्रं नीट लावून, गठ्ठे बांधून ठेवलेली. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, कुणीतरी आत बसून फुकट राबून गेलं होतं. भोंग्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. संशय लगेच गोगलगायीवर. गोगलगाय म्हणजे आमच्यातला सगळ्यांत जुना, लवकरच निवृत्त होणारा, पायांनी हळू, म्हणून पूर्वी सगळ्यांआधी येऊन पत्रं लावणारा. त्याला विचारलं तर त्यानं मान खाली घातली आणि पत्रं मोजल्यासारखं केलं. झालं, दुपारी त्याच्या जेवणाच्या बाकावर कुणी बसलं नाही.

मी माझा गठ्ठा घेऊन निघालो. आम्ही पत्रं घरांच्या आकड्यांप्रमाणे लावत नाही, पाय जातील त्या क्रमानं लावतो, हे तुला दादानं कधीतरी सांगितलं असेल. प्रत्येक बीटचा क्रम ज्याच्या त्याच्या पायांचा असतो. तर त्या दिवशीच्या गठ्ठ्यानं मला आधी घड्याळवाल्याकडे नेलं, मग उलटं फिरवून रंगाऱ्याच्या बोळात घातलं. माझा क्रम असा मुळीच नाही. पण हातात येईल ते वाटत गेलो, आणि बोळाच्या टोकाला थेट भिंतीवर जाऊन आदळलो. पुढचं पत्र भिंतीपलीकडच्या छापखान्याचं. भिंत तशी बुटकी दिसली, म्हणून चढलो. अर्ध्यावर पँट अडकली. (कंबर धरली ती तेव्हा. घरी मी सायकलवरून पडलो असं सांगितलंय, तूही तेच सांग.) तिथं लटकून असताना मला एकदम आठवलं की ही भिंत पूर्वी नव्हती. मी नवीन होतो तेव्हा याच बोळातून दादाच्या मागे मागे चालत ही बीट शिकलो. साहेब होण्याआधी ही बीट दादाची होती. खाली उतरून गठ्ठ्यातलं शेवटचं पत्र काढून बघितलं. गाणं शिकवणाऱ्या बाईंचं होतं, ज्यांना दिसत नाही. दादा त्यांचं पत्र नेहमी शेवटी ठेवायचा, कारण ते वाचून दाखवावं लागतं आणि वाचताना घाई केलेली त्याला आवडायची नाही. मग मला दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही.

आता माझी अडचण लक्षात घे. साहेबानं आमचं काम करायचं नाही, असा करार आहे. युनियननं तक्रार केली तर वरच्यांना निमित्तच हवंय. ते त्याला खाली उतरवतील, किंवा अशा ठिकाणी बदली करतील की तुला नातवंडं सुट्टीतच दिसतील. आणि गप्प बसलो तर गोगलगाय निवृत्तीच्या तोंडावर फितूर ठरतो. बुधवारी भोंग्यानं बैठक बोलावली आणि विचारलं, ज्यानं केलं त्यानं सांगावं, नाहीतर गोगलगायीला युनियनमधून काढू. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी केलं. मला वाटलं होतं, निदान एखादा तरी म्हणेल की हा? शक्य नाही. आत्या, सगळ्यांना ताबडतोब पटलं. त्याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझ्याशी कुणी बोलत नाही, सायकलचा पंप मागितला की तो नेमका हरवलेला असतो, आणि ज्याच्यासाठी उभा राहिलो तो गोगलगायही माझ्यापासून लांब बसतो.

इतकं कमी पडलं म्हणून गुरुवारी साहेबांचा शिपाई मला मेमो देऊन गेला. कामाच्या वेळेबाहेर विनापरवानगी कार्यालयात येऊन टपाल हाताळल्याबद्दल खुलासा करावा. मी भर बैठकीत कबूल केलं होतं, बातमी वर गेली होती, तेव्हा मेमो देण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, हे मला कळतं. तरी ज्यानं केलं त्यानं न केलेल्याला खुलासा मागायचा, आणि तोही आतेभावानं मामेभावाला, हे जरा जास्तच झालं. मी केबिनमध्ये गेलो. तो काहीतरी लिहीत होता. (नुसतं पेन हलवत होता, शाई उमटत नव्हती.) भांडायला म्हणूनच गेलो होतो. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"दादा, तिथं आता भिंत आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "कधी झाली?"

मी सांगितलं. मग त्यानं बाईंचं विचारलं. त्या आहेत, पत्र अजून वाचून दाखवावं लागतं, म्हटलं. किती वेळ लागतो, असं त्यानं विचारलं, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही वर जो तक्ता पाठवता त्यात तो वेळ कुठंच बसत नाही, आणि तुम्ही रविवारी फुकट बसून ढीग उपसलात की वरचे म्हणणार, बघा, माणसं पुरतात. तुम्ही आम्हाला मदत करत नाही, त्यांना करता. तो म्हणाला, कळतं रे मला, पण त्या पोत्यांत माणसांची औषधं पडून आहेत, नोकरीचे कॉल पडून आहेत, ते बघत बसायला मला पगार मिळतो का? खरं सांगायचं तर तोही बरोबर होता. त्याचे डोळे खोल गेलेत, आत्या. तू थेंब घालत नसल्यामुळे तुला दिसलं नसेल.

असो. तू उगीच काळजी करू नकोस. चालायचंच. खुलासा मी दिलाय, त्यात प्रकृतीचं कारण टाकलंय. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दादाला काही सांगू नकोस.

तुझा,
भाचा

ता. क. पत्र वाचून झालं की फाड. जाळायला जाऊ नकोस, मागच्या वेळी पडदा पेटला होता.

ता. क. दुसरा. ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते राहूनच गेलं. येत्या रविवारी तू आजारी पड. दादा त्या दिवशी मीटिंग आहे असं घरी सांगून निघेल. मीटिंग नाही. तो पुन्हा पोत्यांत जाऊन बसणार, मला केबिनमध्ये त्याचा चेहराच सांगत होता. आणि भोंग्यानं या रविवारी फाटकावर पहारा लावलाय. दादा दिसला की संपलंच. तेव्हा सकाळी उठल्याबरोबर सुरुवात कर. तू आयुष्यात कधी आजारी पडलेली मला आठवत नाही, म्हणून आधी वहिनीकडून थोडं शिकून घे, तिचा हात चांगला आहे. गुडघा म्हणू नकोस, गुडघ्याला तो मलम देऊन निघून जाईल. चक्कर म्हण. चक्कर आली की तो तुझा हात सोडत नाही, हे आतोबा गेले तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि त्याला झोपव. तुझ्या उशाशी बसल्या बसल्या झोपला तरी चालेल.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तोच गोगलगाय घरी आला. पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "तू कशाला उभा राहिलास? मी होतो तिथं." सवयीनं त्या रविवारी तोही गेला होता, तर दादा जमिनीवर पोत्यांत बसलेला. बाकी सगळ्या बीट गोगलगायीनं लावल्या. दादानं एकच मागून घेतली, म्हणाला ही मला येते. दादाचं नाव निघू नये म्हणून गोगलगाय मान खाली घालून बसला होता, आणि मी त्याला वाचवायला उभा राहिलो. माझ्यासमोर यायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो लांब बसायचा. आम्ही दोघं किती वेळ हसलो, आणि मग किती वेळ हसलो नाही, ते सांगत नाही. तर आता ऐक. रविवारच्या पहाऱ्यावर भोंग्यानं शिक्षा म्हणून मला आणि माझ्यावर नजर ठेवायला त्यालाच बसवलंय. दादा आला तर आम्ही दोघं त्याला अडवू शकणार नाही आणि सोडूही शकणार नाही, म्हणून तुझी चक्कर आता आणखी महत्त्वाची. ती नीट आणलीस, तर कित्येक वर्षांत पहिल्यांदाच असा एक रविवार जाईल की आमच्या कार्यालयात कुणीही फुकट काम करत नसेल.

(पहारा अर्थात बिनपगारी आहे.)